मुलाखत टेबलाशी नको, बूथमध्ये घ्या

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर-सांगली भागातल्या एका खासगी विद्यापीठात मी वाक् व श्रवण विभागाची प्रमुख आहे. आमच्याकडे बीएएसएलपीचा, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांचा, पदवी अभ्यासक्रम आहे आणि रोज ओपीडी चालते. ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) सहायक प्राध्यापकाची जागा दोन वर्षे रिकामी आहे. शेवटी नेमलेले सर आठ महिन्यांत एका श्रवणयंत्र कंपनीत गेले. पुन्हा जाहिरात दिली, आता तीन अर्ज हातात आहेत. एक जण परदेशातून हिअरिंग सायन्समध्ये पीएचडी करून आली आहे. शोधनिबंध चांगले आहेत, पण रुग्ण तपासून पाच-सहा वर्षे झाली. दुसरे सरकारी रुग्णालयात बारा वर्षे काम केलेले, एम.एस्सी. ऑडिओलॉजी, पीएचडीची नोंदणी झालेली पण काम अर्धवट. तिसरी आमचीच माजी विद्यार्थिनी. म्हैसूरहून एम.एस्सी. करून सध्या एका कर्णबधिर शाळेत काम करते. तिला लहानपणापासून कमी ऐकू येते, दोन्ही कानांना यंत्रे आहेत.

संस्थाचालकांना पीएचडीवाली हवी, कारण नॅकचे मूल्यांकन. सहकाऱ्यांना दुसरे हवेत, कारण ओपीडी. आणि तिसरीचा अर्ज छाननीतच बाजूला ठेवा, असे समितीतले एक सदस्य म्हणाले. "जिला स्वतःला ऐकू येत नाही ती कानाची तपासणी काय शिकवणार?" मला ते पटले नाही, पण त्या वेळी उत्तरही देता आले नाही. पगार एकत्रित ४५ हजार आहे. मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत. काय करू?

एक विभागप्रमुख

सल्ला

मॅडम, नमस्कार.

तिसऱ्या अर्जाचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, मी तिथूनच सुरुवात करते. छाननीची बैठक मुलाखतीच्या आधी होते आणि तिथे एकदा फाइल बाजूला पडली की पुन्हा कुणी उघडत नाही.

त्या सदस्यांना रागाने काही बोलू नका. त्यांना घेऊन एक दिवस ओपीडीत बसा आणि ऑडिओलॉजिस्टला स्वतःचा कान नेमका कुठे लागतो ते दोघांनी मिळून मोजा. प्युअर टोन तपासणीत आवाज जातो रुग्णाच्या कानात. तपासणारा बघतो ते बटण दाबल्यावर लागणारा दिवा आणि रुग्णाचे वर झालेले बोट. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजताना, आलेख बघायचा असतो. बेरा म्हणजे आवाजाला कानापुढच्या मज्जातंतूने दिलेला विद्युत प्रतिसाद टिपणारी तपासणी, तिच्यात संगणकाच्या पडद्यावर पाचवी लहर शोधायची असते, आणि ती शोधायला लागते सरावलेली नजर. श्रवणयंत्र बसवताना कानाच्या नळीत प्रोब मायक्रोफोन घालून आवाज किती वाढतोय ते मोजतात, तिथेही वक्ररेषा वाचायची असते. दिवसभराच्या कामातला मोठा वाटा हा असा डोळ्यांचा, हातांचा आणि डोक्याचा आहे.

कान लागतो अशा जागाही आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी ऑडिओमीटर सुरू केल्यावर स्वतः हेडफोन लावून टोन नीट येतोय ना, खरखर नाही ना, हे ऐकायचे असते. रुग्णाचे श्रवणयंत्र स्टेथोक्लिपने, म्हणजे स्टेथोस्कोपसारख्या नळीने, ऐकून बघायचे असते. आणि वाचा-श्रवण चाचणीत रुग्णाने उच्चारलेला शब्द बरोबर की चूक हे ठरवायचे असते. आता यातले एकेक घ्या. सकाळची तपासणी इंटर्नने करायची आणि तिने त्याच्याकडून करून घ्यायची, शिकवण्याच्या विभागात तसेही हेच व्हायला हवे. यंत्रातला बिघाड हिअरिंग एड टेस्ट बॉक्समध्ये आकड्यांत दिसतो, आवाज किती टक्के विकृत होतोय हेसुद्धा कळते, जे चांगल्या कानालाही नेमके सांगता येत नाही. रुग्णाची उत्तरे टॉकबॅकमधून (बूथमधला रुग्णाचा आवाज बाहेर पोचवणाऱ्या सोयीतून) थेट तिच्या यंत्रात घेता येतात, शेजारी बसलेला विद्यार्थी ऐकलेला शब्द लिहीत जातो, लहान मूल असेल तर चित्रावर बोट ठेवायला सांगता येते. राहता राहिले शब्द तोंडाने म्हणून दाखवणे. ते कुणीच करू नये. ध्वनिमुद्रित शब्दच वापरावेत, कारण तोंडाने म्हटलेला शब्द दर वेळी वेगळा पडतो आणि आजचा निकाल सहा महिन्यांनंतरच्या निकालाशी ताडून बघता येत नाही.

कायद्याचे थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. त्यात खासगी संस्थाही आल्या. तुमच्या विद्यापीठाचे धोरण कुठे आहे ते कुलसचिवांना लेखी विचारा. बैठकीत हा कागद टेबलावर असला की "काय शिकवणार" हा प्रश्न कोणी सहज विचारणार नाही.

पण कायद्याच्या धाकाने तिला बोलवा असे मला म्हणायचे नाही. तुमच्या ओपीडीत रोज कुठली तरी आई मुलाला घेऊन येते आणि विचारते, हा बोलेल का, शिकेल का, याचे पुढे काय होईल. त्या आईसमोर यंत्र लावून बसलेली, एम.एस्सी. झालेली ऑडिओलॉजिस्ट असणे म्हणजे काय, याचा विचार समितीने केला पाहिजे. आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने बघा. यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याच्या कडेने शिट्टी वाजली की काय वाटते, गोंगाटात यंत्राची वाढलेली पातळी कशी नकोशी होते, बॅटरी उतरत आली की शब्दांचे काय होते, हे पुस्तकात चार ओळींत संपते. ती तासभर सांगू शकेल. तरीही तिला सवलतीचे गुण देऊ नका. इतर दोघांना लावाल ती कसोटी तिलाही लावा, फक्त मुलाखतीची खोली नीट ठेवा. पंखा आणि एसी बंद, खिडकीकडे पाठ करून कोणी बसायचे नाही, एका वेळी एकानेच बोलायचे, प्रश्न आधी कागदावर लिहून द्यायचे. आणखी काय लागेल ते तिलाच फोनवर नको, ईमेलने विचारा. श्रवणशास्त्राच्या विभागात एवढे जमले नाही तर ते कुठे जमणार?

आता मूळ गोष्टीकडे येते. ही जागा तुम्ही कशासाठी भरताय?

हा प्रश्न मी निवड समित्यांवर बसताना दर वेळी विचारते आणि दर वेळी उत्तरे वेगवेगळी येतात. संस्थाचालक म्हणतात मूल्यांकनासाठी, सहकारी म्हणतात ओपीडीचा भार कमी व्हावा म्हणून, कोणी म्हणते पुढे एम.एस्सी. सुरू करायचे आहे. एकाच पगारात ही तिन्ही कामे करणारा माणूस हवा असेल तर तो मिळणार नाही आणि मिळालाच तर आठ महिन्यांत जाईल. तुमच्या पत्रातून मला दिसते ते असे: तुमच्याकडे बीएएसएलपीची मुले आहेत आणि दोन वर्षे त्यांना ऑडिओलॉजी शिकवायला धड माणूस नाही. म्हणजे एक तुकडी मास्किंग (एक कान तपासताना दुसऱ्या कानात सळसळता आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवणे) आणि बेरा कोणी हाताला धरून न शिकवताच पुढे सरकली आहे. उद्या हीच मुले तालुक्याच्या गावी दवाखाना उघडतील किंवा दुकानात बसून यंत्रे विकतील. म्हणून माझ्या मते ही जागा त्या मुलांसाठी आहे, आणि निवडीची पहिली कसोटी रुग्णाशेजारी उभे राहून शिकवता येते का, ही.

हे वीस मिनिटांच्या मुलाखतीत कळत नाही. "तुमची बलस्थाने सांगा" असे विचारून तर मुळीच नाही. प्रत्येक उमेदवाराला एक अख्खा दिवस द्या.

सकाळी त्याला तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर पाऊण तास उभे करा. विषय तुम्ही द्या, मास्किंग द्या. शिकवायला सगळ्यात अवघड आणि चुकला तर रुग्णाचे सर्वांत जास्त नुकसान करणारा धडा तोच आहे. मग त्याला बूथवर, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या तपासणीच्या खोलीवर, न्या. रुग्णाची परवानगी घेऊन, एका कानाने कमी ऐकणारा कोणी असेल तर उत्तम. ऑडिओमीटरवर उमेदवाराला बसवू नका, विद्यार्थ्याला बसवा. समजा, उजव्या कानाची पातळी १० डेसिबल आली आणि डाव्या कानाची ६०. विद्यार्थी आकडे लिहून मोकळा होतो. दोन कानांत ५० डेसिबलचा फरक आहे. साध्या हेडफोनवर ४० च्या पुढे गेले की आवाज कवटीतून पलीकडे पोचू शकतो, म्हणजे डावीकडे दिलेला टोन कदाचित उजव्या कानानेच ऐकला. डावा कान पार गेलेला असेल आणि कागदावर मात्र मध्यम दोष दिसेल, ज्याला आपण शॅडो कर्व म्हणतो. त्या कानाला यंत्र दिले जाईल, पैसे जातील, माणूस म्हणेल यंत्राचा उपयोग नाही.

आता उमेदवार काय करतो ते बघा. तो विद्यार्थ्याच्या हातातून डायल काढून घेतो का? रुग्णासमोर "एवढेही कळत नाही का" म्हणतो का? की थांबून विचारतो, हे साठ कुणी ऐकले असतील, सांग बरं? चांगला क्लिनिकल शिक्षक दोन-तीन प्रश्नांत त्या मुलाकडूनच मास्किंग काढून घेतो आणि मधल्या वेळात रुग्णाला सांगतो, "काका, आता एका कानात वाऱ्यासारखा आवाज येईल, तिकडे लक्ष देऊ नका, टूं वाजले की बोट वर करा." या पाच मिनिटांत तुम्हाला बायोडेटाच्या दहा पानांत नसलेली माहिती मिळते.

दुपारी एक केस कागदावर द्या. मी ही देते: चार महिन्यांचे बाळ, वेळेआधी जन्मलेले, एनआयसीयूत राहिलेले, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावे लागले. ओएई दोन्ही कानांत पास. आई म्हणते, कधी दचकतो, कधी भांडे पडले तरी झोपून राहतो. जन्मानंतरच्या चाळणीत "पास" असे लिहून घरी पाठवलेले हे बाळ आहे. ओएई म्हणजे आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी शाबूत असल्याची खूण, पुढच्या मज्जातंतूबद्दल ती काही सांगत नाही. बेरा केली तर लहरीच येत नाहीत, आणि मग ऑडिटरी न्यूरोपथीचा विचार करावा लागतो. हे नाव अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दिले, त्याआधी अशा मुलांची कोडी उलगडत नव्हती. उमेदवाराला विचारा, एनआयसीयूतल्या बाळाला फक्त ओएईवर का सोडू नये? याच बाळाची टिम्पॅनोमेट्री २२६ हर्ट्झवर न करता १००० हर्ट्झवर का करायची? ही उत्तरे तिघांनाही यायला हवीत. मग शेवटचा प्रश्न, आणि माझ्या लेखी दिवसभरातला सर्वांत महत्त्वाचा: "हे सगळे त्या आईला सांगा. ती सातवी शिकलेली आहे, सासू शेजारी बसली आहे, आणि तुमच्या हातात दहा मिनिटे आहेत."

इथे भलेभले अडखळतात. निदान इंग्रजीत पाठ असते, मराठीत ते कुठून सुरू करायचे हे सुचत नाही. "बाळ बहिरे आहे" असे म्हणणे चूक, "काळजी करू नका" म्हणणे त्याहून चूक. जो माणूस सांगतो, "कान आवाज पकडतोय पण तो मेंदूपर्यंत धड पोचत नाही, म्हणून बाळ कधी प्रतिसाद देते, कधी नाही. आपण पुन्हा तपासू, मध्ये वेळ घालवणार नाही, तुम्ही घरी अमुक गोष्टीवर लक्ष ठेवा आणि तारीख घेऊनच जा," तो माणूस तुमच्या मुलांना काहीतरी देऊन जाईल.

आता पहिल्या दोन उमेदवारांबद्दल.

परदेशातून आलेल्या उमेदवाराची पदवी आधी नीट बघा. पीएचडी ही संशोधनाची, एयूडी ही व्यवसायाची डॉक्टरेट, समित्यांमध्ये या दोन्हींची गल्लत होताना मी पाहिली आहे. तिने पीएचडी म्हटले आहे तर प्रबंध मागवा आणि विभागातल्या एकाने तो खरोखर वाचा. मग तिचा सीआरआर क्रमांक, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या (आरसीआयच्या) नोंदवहीतला क्रमांक, चालू आहे का ते तपासा. या कौन्सिलचा कायदा १९९२ चा आहे, नोंदणीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. पाच-सहा वर्षे बाहेर असलेल्या माणसाचे नूतनीकरण राहून गेलेले असते. त्यात लबाडी नसते, पण रुजू झाल्यावर तीन महिने ती क्लिनिकमध्ये उभी राहू शकली नाही तर सहकाऱ्यांची नाराजी पहिल्याच दिवशी ओढवते. नोंदणी तिघांचीही बघा.

तिच्या शोधनिबंधांकडे तुमचे सहकारी संशयाने बघत असतील तर त्यांना डेव्हिड केम्प यांची आठवण करून द्या. ओएई म्हणून आपण जे रोज करतो तो कानातून बाहेर येणारा क्षीण आवाज केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवून दिला. ते भौतिकशास्त्रज्ञ. पण काम करत होते लंडनच्या कान-नाक-घशाच्या रुग्णालयात. प्रयोगशाळेचा माणूस रुग्णालयाच्या आत असला की काय होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. म्हणून तिला विचारा: आमच्याकडे ईईजीची मोठी प्रयोगशाळा नाही, होणारही नाही. दोन बूथ, एक बेरा यंत्र आणि रोज येणारे रुग्ण आहेत. यावर तुम्ही तीन वर्षांत काय कराल? तिचे उत्तर "आधी अमुक यंत्र घ्या" इथे अडले तर ती तुमच्याकडे रमणार नाही. पण ती म्हणाली की इचलकरंजीच्या मागांवर काम करणाऱ्यांचे कान तपासू, तर कान टवकारून ऐका. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावे लागते. या लोकांच्या ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झशी खड्डा दिसतो, मग त्यांना "सात" आणि "हात" यांतला फरक कळेनासा होतो, घरी भांडणे होतात आणि कान तपासावा असे कुणाला सुचत नाही. हे संशोधन तुमच्या दारात पडले आहे.

आणखी एक काम आहे, ते तिघांपैकी जो येईल त्याने करावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. मराठी शब्दांच्या चांगल्या ध्वनिमुद्रित याद्या तुमच्या भागातल्या आवाजात तयार करायच्या आणि त्यांची प्रमाणके काढायची. आजही कितीतरी दवाखान्यांत मराठी माणसाची वाचा-श्रवण चाचणी हिंदी शब्दांवर होते, नाहीतर तपासणारा मनाला येतील ते शब्द तोंडाने म्हणतो. "वेळ" आणि "वेल", "मण" आणि "मन" यांतला फरक ऐकू येतो का हे हिंदी यादीतून कळणार कसे? या कामाला लागते शांत खोली, बरा मायक्रोफोन, भाषाशास्त्र जाणणारा एक मित्र आणि चिकाटी. मोठे अनुदान लागत नाही. चार विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यातून निघतील आणि संस्थाचालकांना हवे ते शोधनिबंधही.

दुसऱ्या उमेदवाराची बारा वर्षे ही मोठी गोष्ट आहे. सरकारी ओपीडीत त्यांनी जेवढे कान पाहिले तेवढे उरलेल्या दोघींनी मिळून पाहिले नसतील. पण बारा वर्षांत सवयीही लागतात. रांग मोठी म्हणून मास्किंग टाळायची सवय, साचा न घेता यंत्र द्यायची सवय. बूथवरच्या त्या पाच मिनिटांत ती दिसेल. त्यांना विचारा, गेल्या दोन वर्षांत तुम्ही तपासणीची कुठली पद्धत बदललीत आणि का? नेमके उत्तर आले तर माणूस अजून शिकतो आहे. पीएचडी अर्धवट राहण्याचे कारणही सरळ विचारा. बहुतेकदा ते वेळेचे असते, आणि वेळ ही तुम्ही देऊ शकता अशी गोष्ट आहे.

पीएचडी सक्तीची आहे असे संस्थाचालक म्हणाले तर वाद घालू नका. सहायक प्राध्यापकासाठी विद्यापीठाचे आणि आरसीआयचे आज लागू असलेले निकष छापून त्यांच्यासमोर ठेवा, कोणत्या ओळीत काय लिहिले आहे ते दाखवा. आणि हेही सांगा की दोन वर्षे जागा रिकामी राहिल्याची नोंद पाहणीला येणारे लोक आधी घेतात.

संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांची पत्रे मागवू नका, सगळी पत्रे सारखीच गोड असतात. फोन करा. आणि त्या उमेदवाराच्या हाताखाली शिकलेल्या एखाद्या इंटर्नशीही बोला.

एक गोष्ट निक्षून सांगते. दोन्ही स्त्री उमेदवारांना लग्न, मूल, सासर, नवऱ्याची बदली यांबद्दल कुणीही काही विचारायचे नाही. "सहज विचारले" म्हणूनही नाही. अध्यक्षांना हे आधीच सांगून ठेवा, आणि तरी कोणी विचारलेच तर तुम्ही मध्ये पडून म्हणा, "हा प्रश्न आपण सरांना विचारलेला नाही, पुढे जाऊ या." हे तुम्हीच करायला हवे. समितीत तुमच्याशिवाय तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसेल.

आता पैशांचे बोलते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, सातव्या वेतन आयोगानुसारच्या वेतनश्रेणीत सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते, त्यावर भत्ते. तुम्ही एकत्रित ४५ हजार देताय. कंपन्या याहून जास्त देतात, गाडी देतात, विक्रीवर वाटा देतात. आठ महिन्यांत गेलेल्या सरांना दोष देऊन उपयोग नाही. पगार वाढवण्याचा प्रस्ताव पाठवाच, आणि त्यात दोन वर्षे जागा रिकामी ठेवल्याने ओपीडीचे उत्पन्न किती बुडाले तो आकडा घाला, संस्थाचालकांना तो लवकर कळतो. पण पगार वाढेपर्यंत विभागप्रमुख म्हणून तुमच्या हातात जे आहे ते नेमणूकपत्रात लिहून द्या. आठवड्यातला एक दिवस क्लिनिक आणि तास दोन्हींपासून मोकळा, संशोधनासाठी किंवा अर्धवट पीएचडीसाठी. वर्षातून एका परिषदेचा खर्च. पहिली दोन वर्षे प्रवेश समिती, वसतिगृह, नॅकची फाइल यांतले काहीही अंगावर टाकायचे नाही. तरुण प्राध्यापक पगारापायी जितके जातात तितकेच या फायलींपायी जातात. तोंडी आश्वासने देऊ नका, पुढचे प्राचार्य ती मानत नाहीत.

उपकरणांचेही तसेच. उमेदवार येण्याआधी तुमच्या ऑडिओमीटरचे कॅलिब्रेशन करून घ्या. वर्षातून एकदा ते व्हायलाच हवे, आणि जाणकार माणूस बूथमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरवरची तारीख बघतो. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्याने मनातल्या मनात तुमचा विभाग नापास केलेला असतो. बूथच्या दाराचे रबर फाटले असेल तर बदला. त्या बूथमधून बाहेर पडणाऱ्या ऑडिओग्रामवर कुणाचे तरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ठरते, ते पेन्शनला आणि शिष्यवृत्तीला जोडले जाते. हा खर्च नेमणुकीसाठी नसता तरी करायलाच हवा होता.

तिघांपैकी कोण, हे शेवटी तुम्हाला ठरवायचे आहे. कागदावरून विचाराल तर माझा कल दुसऱ्या उमेदवाराकडे आहे, कारण तुमची मुले दोन वर्षे हाताला शिकवणाऱ्या माणसाशिवाय राहिली आहेत आणि मोकळा दिवस मिळाला तर त्यांची पीएचडी तुमच्याकडेच पुरी होऊ शकते. पण हा कल बूथमधल्या त्या पाच मिनिटांनी आणि आईला सांगायच्या दहा मिनिटांनी बदलला तर बिनदिक्कत बदलू द्या. माजी विद्यार्थिनीने त्या दिवशी बाजी मारली तर तिला घ्या, आणि टॉकबॅकची जोडणी, टेस्ट बॉक्स यांचा खर्च नेमणुकीच्या प्रस्तावातच धरा, नंतर मागत बसायला लावू नका. पीएचडीवाल्या मॅडम उत्तम ठरल्या तर पहिले सहा महिने त्यांना रोज सकाळी ओपीडीत दुसऱ्या कुणा अनुभवी सहकाऱ्याबरोबर बसवा. हात परत बसायला तेवढे पुरतात.

आणि तिघांपैकी कुणीच त्या दिवशी उतरले नाही, असेही होऊ शकते. मग घाईने जागा भरू नका. म्हैसूरची वाक् व श्रवण संस्था, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, मुंबईचे नायर, पुण्याचे भारती विद्यापीठ, मणिपाल, मंगळूर, चेन्नई इथल्या विभागप्रमुखांना स्वतः फोन करा आणि मराठी बोलणारे, शेवटच्या वर्षातले एम.एस्सी. आणि पीएचडीचे विद्यार्थी कोण आहेत ते विचारा. वर्तमानपत्रातली जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचत नाही, प्राध्यापकाचा शब्द पोचतो. दरम्यान आठवड्यातून दोन दिवस येणारा मानद शिक्षक घ्या, म्हणजे मुलांचे आणखी एक वर्ष जाणार नाही.

या आठवड्यात मात्र एवढे करा. छाननीच्या बैठकीआधी तिन्ही उमेदवारांना एकाच मजकुराचे पत्र पाठवा: अख्खा दिवस लागेल, मास्किंगवर तास घ्यायचा आहे, क्लिनिकमध्ये विद्यार्थ्याबरोबर काम करायचे आहे, प्रवासखर्च विभाग देईल, आणि ऐकण्या-बोलण्याच्या किंवा अन्य कुठल्या सोयीची गरज असेल तर कळवावे. पत्राची प्रत समितीच्या सर्व सदस्यांना द्या, म्हणजे तिसरे नाव वगळायचे असेल तर त्यांना ते लेखी कारण देऊनच वगळावे लागेल.